नळीतलं पाणी

बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५
जयनगर, चौथा ब्लॉक

सकाळी अण्णांना घेऊन कॉम्प्लेक्सजवळच्या बाजारात गेले. गर्दीत ते मागे राहिले म्हणून मी वळून हाक मारली, "अण्णा, इकडे या," तर दोन भाजीवाले आणि एक रिक्षावाला असे तिघेही माझ्याकडे बघायला लागले. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. इथे कुणीही कुणालाही अण्णा म्हणतं. माझे अण्णा मात्र वडील. दीड वर्षापूर्वी आई गेली, तेव्हा कुर्डुवाडीचं घर बंद करून मी त्यांना इकडे आणलं. वय एक्क्याऐंशी.

रस्त्यावर टॅबेबुयाच्या गुलाबी फुलांचा सडा होता. ते पाय जपून टाकत होते, फुलं चुरडू नयेत म्हणून.

गॅलरीतून मेट्रो दिसते. ते रोज दुपारी खुर्ची टाकून बसतात आणि गाड्या मोजतात. "सहा डबे," म्हणतात, "आणि आवाज काही नाही." तक्रार नसते ती, पण त्यापुढे बोलणंही नसतं. चाळीस वर्षं नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. बार्शी लाईट रेल्वेची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली. लहानपणी मला झोपवताना ते गोष्ट सांगायचे ती राजाराणीची नसायची, पिस्टन आणि स्लाइड व्हॉल्व्हची असायची. आई गेल्यापासून त्यातला एक शब्दही त्यांच्या तोंडून आलेला नाही.

मागच्या वर्षी त्यांना नंदी हॉल्टला नेलं होतं. यलहंका-चिक्कबळ्ळापूर मार्गावरचं शंभरी उलटलेलं स्टेशन. तिथे ते रुळांजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही लाईन आधी आपल्यासारखी अडीच फुटांची होती." तेवढंच. पण "आपल्यासारखी" म्हणाले, ते माझ्या मनात राहिलं. महिनाभरापूर्वी निलगिरीच्या गाडीची तिकिटं काढली ती त्या एका शब्दामुळे. वाफेवर रोज चालणारी आणि प्रवासी नेणारी गाडी आपल्या देशात आता शोधावी लागते. बंगळुरूहून जवळची हीच. शनिवारी उटीला चढायचं, रविवारी म्हैसूरचं रेल्वे संग्रहालय बघून परत. माझी धाकटी मुलगी बरोबर येते आहे. तिला सुट्टी आहे आणि थोडं तमिळ येतं.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

अण्णांनी स्वतःची पिशवी स्वतः भरली. मफलर, गुडघ्याचं तेल, गोळ्या, आणि रुमालात बांधलेलं काहीतरी. विचारलं तर "असू दे" म्हणाले. मग रात्री उघडून दाखवलं. वर्कशॉपचा पितळी बिल्ला. वरच्या बाजूला खिळ्यात अडकवायचं भोक, खाली ठोकलेला नंबर. सकाळी आत जाताना फळीवरून उचलायचा, सुटीचा भोंगा झाला की परत लावायचा. नंबराचे आकडे कडेला झिजून गुळगुळीत झालेत; बोट फिरवलं तरच कळतात. निवृत्तीच्या दिवशी तो जमा करायचा असतो. अण्णांना साहेबांनी ठेवू दिला.

हा बिल्ला घरात होता आणि मला ठाऊक नव्हतं.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी
रात्री, मेट्टुपाळयम

दुपारच्या उदय एक्स्प्रेसने कोइमतूर. दुमजली गाडी, आम्हाला जागा खालच्या मजल्यावर मिळाली, फलाट खिडकीच्या काठाला आलेला. कोइमतूरहून टॅक्सीने इथे. लॉजमध्ये गरम पाणी नाही, पण अण्णांची कुरकुर नाही. पहाटे उठायचंय म्हणून ते आल्याआल्याच आडवे झाले होते, ते आता साडेअकरा वाजता उठून खिडकीत उभे आहेत. स्टेशन त्या दिशेला आहे म्हणे.

गाडीत धाकटीने विचारलं, "आजोबा, तुमची ट्रेन टॉय ट्रेन होती का?" मला वाटलं ते दुखावतील. त्यांनी मात्र तिला नीट समोर बसवलं.

"खेळण्यातली कशी असेल? आषाढीला माणसं टपावर बसायची तिच्या. धान्य, कापूस, गुरं, सगळं न्यायची."

मग पुढचा तास ते बोलत होते. बार्शी रोड म्हणजेच कुर्डुवाडी. तिथून बार्शीपर्यंत गाडी आली १८९७ साली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती आखली. हलके रूळ टाकायचे, पण त्यावरून जड माल न्यायचा, यासाठी त्याने एक साधी गोष्ट धरली: इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार सगळीकडे सारखा वाटला गेला की रूळ बारीक चालतो. लीड्समधल्या किट्सन कंपनीची आठ चाकं जोडलेली इंजिनं आली ती याच हिशोबाने. १९०६ ला गाडी पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. १९५४ पर्यंत खासगी कंपनीची, मग सरकारची. तारखा त्यांना तोंडपाठ आहेत हे मला ठाऊक होतं. पाच टनांचं मला आज कळलं.

"मग ती गेली कुठे?" धाकटीने विचारलं.

"ब्रॉडगेज झाली. गेली कुठे नाही, रुंद झाली." मग जरा थांबून, "इंजिनं गेली."


शनिवार, ८ फेब्रुवारी
रात्री, उटी

आज लिहायला पुष्कळ आहे, हात थंडीने आखडलेत.

सकाळी सात दहाची गाडी. आम्ही सहाला फलाटावर. निळे लाकडी डबे, आणि इंजिन मागच्या टोकाला. लोक पुढे धावले, इंजिन शोधत. अण्णा एकटे बरोबर मागे गेले. "चढाला इंजिन खालच्याच अंगाला पाहिजे. कपलिंग तुटलं तर डबे मागे कुणाच्या अंगावर येणार? इंजिनाच्या." हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

इंजिन एक्स वर्गाचं. मूळची इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूर कारखान्यातली, १९१४ पासून इथे आलेली. पुढे झिजत गेली तेव्हा तिरुचिरापळ्ळीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने, २०१० नंतरच्या काही वर्षांत, त्याच बांधणीची नवी घडवली. अण्णांनी हे ऐकलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "वर्कशॉपमध्ये? आपल्या माणसांनी? वाफेचं इंजिन, नवं?" तीनदा विचारलं. फलाटावर अजून अंधार होता, त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही.

भट्टीत आता कोळसा नाही, तेल जळतं. त्याचा एकसारखा घरघराट येतो. वास वेगळा. अण्णांनी नाक वर करून दोनदा हुंगलं आणि मान हलवली, पण हात पुढे करून उष्णता अंगावर घेतली. वाफेच्या इंजिनाजवळ उभं राहिलं की एका बाजूने भाजतं आणि दुसऱ्या बाजूने थंडी वाजते. मला एकदम सहा वर्षांची असल्यासारखं झालं. डबा द्यायला जायचे तेव्हा शेडच्या दारात अशीच उभी राहायचे.

कल्लारपर्यंत गाडी साध्या रुळांवरून सुपारीच्या बागांतून जाते. खरी गोष्ट कल्लारनंतर. दोन रुळांच्या मध्ये लोखंडी दात्यांच्या दोन पट्ट्या सुरू होतात. स्विस इंजिनिअर रोमान आब्ट याची ही रीत. इंजिनाच्या पोटाखालची दातेरी चाकं त्यांत अडकतात आणि गाडी दाता-दाता वर चढते. चढ बारा फुटांना एक फूट, कुन्नूरपर्यंत सुमारे एकोणीस किलोमीटर. भारतात एवढा उभा रेल्वेचा चढ दुसरा नाही. धाकटीने विचारलं, पट्ट्या दोन कशाला, एक का नाही. अण्णांनी समजावलं ते असं:

"दोघी बायका एका उखळात कांडतात बघ, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. एका पट्टीचा दाता असतो तिथे दुसरीची खाच. म्हणजे एक ना एक दाता कायम धरलेला. सुटायचं कामच नाही."

धाकटीने उखळ फक्त चित्रात पाहिलंय. पण हाताने करून दाखवल्यावर समजलं.

दात्यांवर चढली की इंजिनाचा आवाज बदलतो. मला नुसता "जास्त जोरात" वाटला. अण्णा खिडकीला कान लावून बसले होते, डोळे मिटून. "आता चार सिलिंडर," म्हणाले. साध्या रुळावर वाफ खालच्या दोन सिलिंडरांत काम करते आणि धुरांड्यातून निघून जाते. दात्यांवर आलं की तीच वापरलेली वाफ वरच्या दोन सिलिंडरांत धाडतात. तिच्यात उरलेला जोर दातेरी चाकं फिरवतो. वळणावर गाडीने कमान केली तेव्हा इंजिन बाजूने दिसलं. खालचे दांडे एका दिशेने सावकाश, वरचे उलट्या दिशेने घाईघाईने. एका अंगात दोन चाली. अण्णा उठून उभे राहिले. डब्यातल्या एका बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, त्यांना ऐकूच आलं नाही.

प्रत्येक डब्याच्या पुढच्या टोकाला, उघड्या फळीवर एक ब्रेकमन उभा असतो. हे मी वाचलेलं होतं, तरी बघताना वेगळं वाटलं. पुढचा माणूस हिरवं निशाण हलवतो, ते बघून त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा, असं करत निशाण ड्रायव्हरपर्यंत पोचतं. ड्रायव्हर सगळ्यात मागे, त्याला पुढचा रूळ दिसतच नाही. तो या माणसांच्या डोळ्यांनी गाडी चालवतो. २०८ वळणं, १६ बोगदे, २५० पूल आणि हातातलं निशाण. आमच्या डब्याचा ब्रेकमन तरुण होता, तिशीचा असेल. तीन तास त्याने चाकाच्या दांड्यावरचा हात उचलला नाही.

हिलग्रोव्हला गाडी पाणी प्यायला थांबते. माणसं चहाला आणि माकडं माणसांच्या हातातल्या वड्यांना. आम्ही खाली उतरलो. अण्णांचा गुडघा धरला होता, तरी ते इंजिनापर्यंत चालत गेले. एक फिटर तेलाचा लांब चोचीचा डबा घेऊन दांड्यांच्या सांध्यांवर तेल सोडत होता. प्रत्येक ठिकाणी आधी उलट्या हाताने बेअरिंगला स्पर्श करायचा, मग तेल. अण्णा दोन हात लांब उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली, आणि बिल्ला तळहातावर ठेवून त्याच्यासमोर धरला.

त्या माणसाने बिल्ला पाहिला. नंबराकडे पाहिलं, मग अण्णांच्या हातांकडे. अण्णांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे, एका पान्याखाली सापडलेली. तो काहीतरी तमिळमध्ये बोलला. धाकटीने सांगितलं, "तो विचारतोय, कुठली शेड." अण्णा म्हणाले, "कुर्डुवाडी. नॅरोगेज. फिटर." त्याला कुर्डुवाडी कुठे आहे हे ठाऊक असायचं कारण नाही, पण "फिटर" हा शब्द दोघांचा एकच. मग दोघांचं बोलणं सुरू झालं आणि धाकटीची गरज उरली नाही. पिनियन. बुश. ग्रीस. ग्लँड पॅकिंग. तो बोटाने दाखवायचा, हे मान हलवायचे. एकदा अण्णांनी अंगठा आणि तर्जनीत केसाएवढं अंतर धरून भुवया वर केल्या, तर त्याने हसून अंतर आणखी कमी करून दाखवलं. दात्यांच्या झिजेबद्दल होतं ते, असं नंतर सांगितलं.

निघताना त्याने अण्णांना कॅबच्या पायरीपाशी उभं राहू दिलं. आत काचेची उभी नळी दिसत होती. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी. पाणी तिच्यात थरथरत होतं, मध्याच्या जरा वर. "चढावर ही नळी खोटं बोलते," अण्णा मला म्हणाले. "बॉयलर तिरका, म्हणजे पाणी एका टोकाला जमा. जेवढं दिसतं तेवढं नसतं, किंवा असतं त्याहून कमी दिसतं. ड्रायव्हरला चढ डोक्यात धरून वाचावं लागतं."

शिट्टी झाली. फिटरने कॉटन वेस्टचा एक बोळा अण्णांच्या हातात दिला. त्यांचे हात स्वच्छच होते. त्यांनी तो घेतला आणि सवयीने हात पुसले.

कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटतं आणि डिझेल लागतं. वेलिंग्टन, अरवंकाडू, केत्तीचं खोरं, लव्हडेल. निलगिरीचे उतार, चहाचे मळे, सगळं फार सुंदर आहे आणि लोक खिडक्यांतून बाहेर लोंबत फोटो काढत होते. अण्णा झोपले होते, बोळा मुठीत.

दुपारी बाराच्या सुमारास उटी. शेहेचाळीस किलोमीटरला जवळजवळ पाच तास. ३२६ मीटरवरून २२०० मीटरवर. संध्याकाळी चहाबरोबर इथली वर्की खाल्ली, खुसखुशीत, पापुद्र्यापापुद्र्याची. अण्णांना खारीची आठवण झाली. बाकी उटी पाहिली नाही.

झोपण्याआधी एक नोंद. या मार्गाचा पहिला विचार १८५४ सालचा. रिगीच्या डोंगरावर दातेरी रेल्वे बांधणारा रिगेनबाख १८८२ मध्ये स्वतः इथे येऊन पाहून गेला. काम सुरू झालं १८९१ ला, कंपनी मध्येच बुडाली, नवी उभी राहिली, कुन्नूरपर्यंत गाडी आली १८९९ ला, उटीपर्यंत १९०८ ला. जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं २००५ ला. माझ्या वाचनात वारसा म्हटलं की हीच साखळी येते: योजना, कंपनी, उद्‌घाटन, यादी. आज मी जो वारसा पाहिला तो एका माणसाच्या उलट्या हातात होता, बेअरिंग तापलंय का ते बघणाऱ्या. तो हात कुठल्या यादीत लिहायचा?


रविवार, ९ फेब्रुवारी
रात्री उशिरा, जयनगर

सकाळी लवकर निघालो. गुडलूरवरून मुदुमलै, बंडीपूर, गुंडलुपेट, म्हैसूर. जंगलातून हा रस्ता रात्री नऊ ते सहा बंद असतो, म्हणून उजाडल्यावरच. एक हत्तीण आणि पिल्लू, चितळं, मोर. घाटात धाकटीला मळमळलं.

वाटेत एका गावात (नाव लिहीत नाही) चौकातल्या चौथऱ्यावर एक जुनं इंजिन ठेवलेलं दिसलं. अण्णांनी गाडी थांबवायला लावली. जवळ जाऊन बघतात तर वरपासून खालपर्यंत चकचकीत काळा ऑइलपेंट, चाकांना लाल, कडांना पांढरा. अण्णांनी एका सांध्यावरच्या तेलाच्या कपावर बोट ठेवलं. कपाचं झाकण रंगाच्या थरांनी बसून गेलं होतं; ते कप आहे हेही कळत नव्हतं. त्यांनी नखाने कड खरवडली. "रंग द्यायचा तर आधी ही भोकं लाकडाच्या गुल्लीने बंद करायची, मग गुल्ली काढायची. पाच मिनिटांचं काम." रंगवणाऱ्याने मन लावून रंगवलं होतं, हे मला दिसत होतं. त्याला सांगणारं कुणी भेटलं नाही, एवढंच. अण्णांसारखी माणसं या देशात गावोगाव घरी बसलेली असताना.

म्हैसूरचं रेल्वे संग्रहालय १९७९ पासूनचं, स्टेशनच्या जवळच. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानंतर दोन वर्षांनी निघालेलं. झाडांच्या सावलीत उघड्यावर इंजिनं उभी, पोरं त्यांच्यावर चढलेली, आयांची हाकाहाक. मला हे आवडलं. काचेच्या मागे ठेवलं असतं तर अण्णा फाटकातूनच परत फिरले असते. म्हैसूरच्या महाराणींचा सलून १८९९ चा, त्यात स्वयंपाकघर, जेवणाची खोली. धाकटीने तो खूप वेळ पाहिला. रुळांवरून धावणारी ऑस्टिन मोटारही आहे. मी मुंबईला शिकत असताना माथेरानच्या गाडीच्या प्रेमात पडले होते, ती पीरभॉय घराण्याने १९०७ ला सुरू केलेली. पुराने तिचा मार्ग खचला तेव्हा तीन वर्षं वाट पाहून २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा नेरळहून निघाली, त्या दिवशी मी बातमी वाचून ऑफिसात रडले होते. असं सगळं मी धाकटीला सांगत चालले होते, तेवढ्यात लक्षात आलं की अण्णा सोबत नाहीत.

ते ई. एस. ५०६ समोर होते. स्टॅफर्डच्या बॅगनॉल कंपनीचं नॅरोगेज इंजिन. एक हात टेकून, गुडघ्याची पर्वा न करता ते खाली बसले होते आणि दोन रुळांच्या मध्ये वीत टाकत होते. एक, दोन, तीन, आणि उरलेली अर्धी. वीत मोजून झाल्यावर त्यांनी हात रुळावर तसाच ठेवला.

"अडीच फूट," म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले. ते बोलायला लागले, आणि मी मधे एकही प्रश्न विचारला नाही. आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस वर्कशॉपला सुट्टी नसायची. जेवढी इंजिनं उभी करता येतील तेवढी करायची, कारण एकादशीला गाड्यांमागून गाड्या सुटायच्या. एका वर्षी एका इंजिनाच्या भट्टीचा शिशाचा प्लग वितळला. भट्टीच्या माथ्यावर पाणी कमी झालं तर हा प्लग आधी वितळतो, वाफ आत घुसून इशारा देते, बॉयलर वाचतो. इंजिन ओढून आणलं संध्याकाळी. भट्टी निवायला रात्र गेली. पहाटे तीन वाजता, अजून आत भाजत असताना, ओलं पोतं अंगावर घेऊन अण्णा भट्टीच्या दारातून आत सरपटत गेले, कारण चौघांत सगळ्यात बारीक तेच. नवा प्लग बसवला, माथ्याचा पत्रा हातोडीने वाजवून पाहिला. "पत्रा सांगतो. घट्ट असला की खणकन् वाजतो, खचला असला की भद्द." पत्रा खणखणला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच इंजिनाने वारकरी नेले.

"आईला हे सांगितलं होतं का?" मी विचारलं.

"नाही. तिने नोकरी सोडायला लावली असती."

त्यांना उठवायला दोघी लागलो. उठताना त्यांनी इंजिनाच्या बफरचा आधार घेतला.

संध्याकाळच्या गाडीने बंगळुरू. म्हैसूर ते बंगळुरू हा रस्ता १८८२ ला मीटरगेजवर सुरू झालेला, हे मीच त्यांना सांगितलं. त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते दोनदा म्हणून पाठ केलं. मॅजेस्टिकहून मेट्रो. चिकपेट, के. आर. मार्केट, नॅशनल कॉलेज, लालबाग, साऊथ एंड सर्कल. अण्णा उभेच राहिले, दरवाजाच्या काचेला कान लावून. जयनगर आल्यावर म्हणाले, "आवाज आहे. मोटरचा. थांबताना बदलतो, ऐक."


सोमवार, १० फेब्रुवारी
जयनगर

ऑफिसला गेले नाही. सकाळी साऊथ एंडजवळच्या दुकानातून दोनशे पानांची जाड वही आणली. आखीव, आकृत्यांसाठी डाव्या बाजूला कोरं पान असलेली, प्रयोगवहीसारखी. काल रात्री झोप लागली नाही. गोल्डन रॉकमध्ये शंभर वर्षांपूर्वीच्या बांधणीचं इंजिन पुन्हा उभं राहू शकलं, ते नुसत्या नकाशावरून राहिलं नसणार. पत्रा कसा वाजतो हे नकाशात नसतं. ते कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं. बार्शी लाईटचं सांगायला माझ्या घरात एक माणूस आहे, आणि मी दीड वर्ष त्यांना फक्त वेळेवर गोळ्या दिल्या.

वही पुढे ठेवली तेव्हा अण्णा म्हणाले, "कोण वाचणार?" मी म्हटलं, "तो चौकातलं इंजिन रंगवणारा." यावर ते काही बोलले नाहीत, पण चष्मा आणायला गेले.

गॅलरीत बसलो. सुरुवात कुठून करायची? मी म्हटलं, बॉयलरपासून. ते म्हणाले, "नाही. ड्यूटीवर आल्यावर पहिलं काम काय, तिथून. नळी तपासायची."

मी त्यांच्या तोंडून उतरवून घेतलं ते असं:

नळीला तीन कॉक असतात. वरचा वाफेचा, मधला पाण्याचा, खालचा निचऱ्याचा. आधी निचरा उघडायचा. मग पाण्याचा कॉक बंद करायचा. आता नळीतून नुसती वाफ जोरात आली पाहिजे. आली म्हणजे वरची वाट मोकळी. मग पाण्याचा उघडायचा, वाफेचा बंद करायचा. आता पाणी आलं पाहिजे. आलं म्हणजे खालची वाट मोकळी. मग निचरा बंद, वाफेचा उघडा. पाणी पुन्हा नळीत भरतं.

"थांब," अण्णा म्हणाले. "काय लिहिलंस?"

वाचून दाखवलं.

"भरतं नाही. भरतं ते घागरीत. इथे पाणी उसळी मारून वर येतं आणि मग खाली येऊन ठरतं. सावकाश वर आलं तर समजायचं, वाट चोंदत आलीय, आज नाही तर उद्या बंद होणार. सगळी परीक्षा त्यातच आहे. 'उसळी' लिही."

मी "भरतं" खोडलं आणि वर "उसळी मारून येतं" असं लिहिलं. त्यांनी वही हातात घेतली, लांब धरून वाचली, आणि डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नळी काढायला घेतली. वाकडी करंगळी कागदावर टेकवून, रेघ हलू नये म्हणून. खाली मेट्रो गेली, त्यांनी मोजली नाही.

"पुढचं पान घे," म्हणाले. "वॉशआऊट. त्याला वेळ लागेल, आधी चहा ठेव."